कांचेच्या पेटींतील मासे व दुष्काळांतील कर्तव्य

दुष्काळाच्या दिवसांत पाण्याविषयीं जे प्रश्न उठतात ते बहुधा मोठे असतात. धरणांतलें पाणी उसाला द्यावें कीं शहराला, विहीर कोणाची, टँकर कोणत्या वस्तीला आधीं, अशा प्रश्नांचा निकाल लावणें पुष्कळदां आपल्या हातीं नसतें. म्हणून आज आम्ही वाचकांपुढें एक अगदीं लहान प्रश्न ठेवतों, कीं ज्याचा निकाल सर्वस्वीं घरधन्याच्या हातीं आहे. प्रश्न असा: प्यावयाचें पाणी मोजून मिळत असतां ज्याच्या घरची मत्स्यपेटी, म्हणजे मासे पाळण्याची कांचेची पेटी, गळूं लागली, त्यानें काय करावें?

कोणी म्हणेल, खेड्यांतील वाचकांस मत्स्यपेटीशीं काय करावयाचें आहे? तथापि अशा पेट्या आतां तालुक्याच्या गांवीं दवाखान्यांत, दुकानांत व साध्या घरांतहि दिसतात. बाजारास नेलेलें मूल रंगीत माशांची पिशवी घेतल्याशिवाय परत येत नाहीं, हाहि पुष्कळांचा अनुभव आहे. शिवाय प्रश्न दिसतो तेवढा लहान नाहीं. हौसेखातर घेतलेला जीव संकटकाळीं आपल्यावर कोणता हक्क सांगतो, आणि तहानलेल्या शेजाऱ्याच्या हक्काशेजारीं तो हक्क कोठें बसतो, हें त्यांत दडलेलें आहे. ज्याच्या दाराशीं गाय, शेळी किंवा म्हातारा बैल आहे, त्याला हा प्रश्न परका वाटूं नये.

गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून एक घर कल्पूं. मराठवाड्यांतील तालुक्याचें गांव. टँकर आठव्या दिवशीं येतो. घरांत दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी. तींत मुलासाठीं आणलेले दोन सोनमासे व थोडे गप्पी. एके सकाळीं पेटीखालची फळी ओली दिसते. शेजारीपाजारी जमतात व तीन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला म्हणतो, "माणसांना प्यायला पाणी नाहीं आणि तुम्ही मासे काय सांभाळतां? मरूं द्या." दुसरा म्हणतो, "मूल रडेल. गळतें तेवढें रोज भरीत जा, पाऊस पडल्यावर पाहूं." तिसरा म्हणतो, "विहिरींत नाहींतर नदीच्या डोहांत सोडून द्या, त्यांचें नशीब त्यांच्यापाशीं." तिघेहि दुष्ट नाहींत. परंतु आमच्या मतें तिघांचाहि सल्ला चुकीचा आहे, आणि तो कां चुकीचा हें पाहिल्यानें खरी वाट सांपडेल.

पहिल्या सल्ल्यांत मोठा जोर आहे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. लातूरचें २०१६ सालचें वर्तमान ध्यानांत आणावें. शहरास पाणी पुरविणारें मांजरा धरण आटलें होतें. पाण्याच्या ठिकाणीं दंगा होऊं नये म्हणून मार्च महिन्यांत तेथें जमावबंदीचा आदेश काढावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून दहा टाक्यांची पहिली पाण्याची आगगाडी लातुरास पोंचली. तींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. पुढें पन्नास टाक्यांची गाडी येऊं लागली व एका खेपेस सुमारें पंचवीस लाख लिटर पाणी मिळूं लागलें. कृष्णेकाठचें पाणी तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर रुळांवरून न्यावें, अशी ती वेळ होती. त्याच एप्रिलांत मुंबई उच्च न्यायालयानें आय. पी. एल. क्रिकेटचे ३० तारखेनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. टंचाईच्या वर्षीं हौसेला किती पाणी द्यावें, हा प्रश्न न्यायासनापुढें गेला होता.

आतां त्या पेटीचें माप घ्या. कांठोकांठ भरली तर तींत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशननें खेड्यांतील दर माणशीं दररोज ५५ लिटर पाणी मिळावें असें प्रमाण धरलें. म्हणजे एका मनुष्याचें एका दिवसाचें पाणी त्या कांचेंत उभें आहे. हें कळल्यावर ज्याच्या मनास कांहींच लागत नाहीं, त्याच्याशीं पुढें बोलणें व्यर्थ होय.

तरी सुद्धां "मरूं द्या" हें उत्तर बरोबर नाहीं. जीव पाळण्यापूर्वीं मनुष्य मोकळा असतो. पाळल्यानंतर तो बांधला जातो. मासे विकत घ्यावे कीं न घ्यावे हा हौसेचा प्रश्न होता व तो त्या दिवशीं दुकानांत संपला. आज जो प्रश्न आहे तो कर्तव्याचा आहे. नदी आटूं लागली कीं मासा खोल डोहाकडे जातो. तेथें तो जगेल किंवा मरेल, त्याचा जाब आम्हांस कोणी विचारणार नाहीं. पेटींतल्या माशास डोह नाहीं. त्याची नदीहि आपण आणि त्याचा पाऊसहि आपण. ज्यानें त्याला चार कांचांच्या आंत कोंडलें त्यानेंच, आतां मला परवडत नाहीं, असें म्हणून हात झटकले, तर दोष दुष्काळावर कसा ढकलतां येईल?

आपल्या शेतकऱ्यांस हें शिकविण्याची गरज नाहीं. दुष्काळांत तो आपला बैल चाऱ्याच्या छावणींत नेऊन बांधतो व स्वतः त्याच्या शेजारीं उघड्यावर निजतो. कोणी म्हणेल, बैल कामाचा आहे, मासा बिनकामाचा. परंतु ज्याचीं दांतें झिजलीं व खांदा बसला असा म्हातारा बैलहि कित्येक घरीं दावणीला राहतो. तो काय कामाचा असतो? काम संपलें कीं हक्क संपला असें धरलें, तर पाळणें म्हणजे निव्वळ सौदा झाला. बैल निदान हंबरतो. मासा तेंहि करूं शकत नाहीं. म्हणूनच त्याच्याविषयींचें कर्तव्य विसरणें फार सोपें असतें.

आतां दुसऱ्याचा सल्ला पाहूं: रोज भरीत जा. यांत दया दिसते, परंतु हिशेब नाहीं. पेटींतून दर सेकंदास एक थेंब गळतो असें समजा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चोवीस तासांत सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी जातें. महिन्यास सुमारें १३० लिटर. म्हणजे दोन पेट्या भरून उरेल इतकें पाणी फळीवरून जमिनींत गेलें, आणि त्यांतील एक थेंबहि माशाच्या उपयोगीं पडला नाहीं. याला दया म्हणत नाहींत. हा आळस होय.

आणि दुसरी एक गोष्ट आहे, ती अधिक गंभीर आहे. तें रोजचें पाणी कोण वाहून आणतो? मासे मुलाचे, हौस बापाची, आणि घागर बहुतेक घरांत आईच्या किंवा थोरल्या मुलीच्या कमरेवर. कोठें कोठें तर दारीं कामाला येणाऱ्या बाईच्या डोक्यावर, कीं जिच्या स्वतःच्या घरीं रांजण कोरडा आहे. दुसऱ्याच्या मानेवर ओझें देऊन केलेली भूतदया ही दया नव्हे. अब्राहामाच्या सेवकास रिबकेनें पाणी दिलें ती गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्यांत दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. तिनें आधीं मनुष्यास पाजलें व मागाहून त्याच्या दहा उंटांस. आणि त्या उंटांचें पाणी तिनें स्वतः शेंदलें. पैठणच्या एकनाथांविषयींहि अशी कथा सांगतात कीं, काशीहून रामेश्वरास न्यावयाचें गंगेचें पाणी त्यांनीं वाटेंत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवास पाजलें. तें पाणी त्यांच्या स्वतःच्या कावडींतलें होतें, गांवच्या रांजणांतलें नव्हतें.

यावरून आम्हांस तीन नियम काढतां येतात. पहिला, माणसाची तहान आधीं. दुसरा, पाळलेल्या जिवाचें पाणी पाळणाऱ्याच्या स्वतःच्या वांट्यांतून व स्वतःच्या खांद्यावरून यावें. माशांसाठीं टँकरच्या रांगेंत दुसरी घागर लावूं नये. स्नानाच्या बादलींतून एक तांब्या कमी करून तो माशांस दिला, तर त्यांत कोणाचेंहि जात नाहीं. तिसरा नियम असा कीं, जेथें पाणी देणें कठीण आहे तेथें श्रम द्यावे. बहुतेक संकटांत जीव वांचविण्यास लागतें त्यापेक्षां पाणी आपण अधिक खर्च करतों, कारण पाणी ओतणें सोपें व सांधा बुजविणें कष्टाचें असतें.

तो सांधा कसा बुजवावा हें आतां सांगतों. कारण उपदेश करून कृतीची वाट न दाखविणें योग्य नव्हे.

प्रथम पेटी खरोखर गळते कीं नाहीं हें पाहावें. उन्हाळ्यांत पाणी उडून जातें व पातळी खालीं येते. या पेटीची पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे पावणेदोन लिटरांहून कांहींसें अधिक पाणी गेलें. पाणी केवळ उडत असेल तर वर कांचेचें झांकण ठेवणें हाच उपाय. बाहेरून सर्व सांधे कोरड्या फडक्यानें पुसावे, खालीं जुनें वर्तमानपत्र पसरावें व पाण्याच्या पातळीवर खूण करावी. कागद ओला झाला तर जागा कळते. पातळी उतरत जाऊन एका ठिकाणीं थांबली, तर बहुधा त्याच उंचीवर भेग असते; तेथपर्यंतच पाणी ठेवून मासे त्याच पेटींत कांहीं दिवस काढूं शकतात. भेग तळाशीं असेल तर निम्में पाणी ताबडतोब काढून ठेवावें. पाण्याचा दाब खोलीप्रमाणें असतो; खोली निम्मी झाली कीं तळाच्या सांध्यावरचा दाबहि निम्मा होतो व गळती मंदावते. भरलेली पेटी मात्र कधींहि उचलूं नये; ५६ किलो पाण्याच्या भारानें ती पिळवटते व चांगले सांधेहि सुटतात.

काढलेलें पाणी टाकूं नये, हा या कामांतील सर्वांत मोठा नियम होय. साबण न लागलेल्या रुंद तोंडाच्या टपांत किंवा पिंपांत तें भरावें आणि मासे त्याच पाण्यांत सोडावे. तोंड रुंद असावें, कारण पाण्यास हवा पृष्ठभागांतून मिळते. हवेचा पंप असल्यास तो लावावा. टप सावलींत ठेवावा. पेटींतला स्पंज त्याच टपांत बुडवून ठेवावा, नळाखालीं धुवूं नये. त्या स्पंजावर डोळ्यांस न दिसणारे जंतु असतात. माशांच्या विष्ठेंतून निघणारा विषारी अमोनिया ते पालटून टाकतात, आणि क्लोरीनच्या पाण्यानें ते मरतात. या दिवसांत खाणें फार थोडें द्यावें. धडधाकट मोठा मासा कांहीं दिवस खाण्यावांचून सहज राहतो, आणि खाणें जितकें कमी तितकी घाण कमी व पाणी बदलण्याची गरजहि कमी.

रिकामी पेटी आंतून पुसावी व आंतल्या सांध्यांवरील जुनें सिलिकोन ब्लेडनें खरवडून काढावें. कित्येक जण बाहेरून लेप देतात. तो टिकत नाहीं, कारण आंतलें पाणी त्याला बाहेर ढकलीत असतें. नवें सिलिकोन जुन्यास नीट चिकटत नाहीं, म्हणून फक्त भेगेपुरतें न खरवडतां आंतले सर्व कोपरे मोकळे करावे. मात्र दोन कांचांच्या मधल्या जोडास ब्लेड लावूं नये. नंतर स्पिरिटनें पुसून कांच पूर्ण वाळूं द्यावी. सिलिकोन घेतांना मत्स्यपेटीसाठींच केलेलें मागावें; न्हाणीघराच्या सिलिकोनांत बुरशी मारण्याचें औषध असतें व तें माशांस घातक आहे. सांध्यांत सारखी रेघ ओढून बोटानें दाबून गुळगुळीत करावी.

यापुढें थांबणें हेंच काम उरतें. हें सिलिकोन हवेंतील ओलावा घेऊन घट्ट होतें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत हवाच कोरडी असल्यामुळें त्यास अधिक वेळ लागतो. म्हणून दोन दिवसांची घाई करण्यापेक्षां आठवडाभर थांबावें. त्यास शिरक्यासारखा वास येतो, तो पार जाईपर्यंत पेटींत पाणी घालूं नये.

आतां पेटी तपासावयाची. येथें पुष्कळ जण ताजें पाणी भरून पाहतात व गळलें तर ओतून देतात. टंचाईंत तसें करूं नये. पेटी ताडपत्रीवर ठेवून ताडपत्रीचे कांठ वर उचलून बांधावे आणि सांठविलेलें जुनेंच पाणी आधीं पाव पेटी, मग अर्धी, मग पूर्ण, असें थांबत थांबत घालावें. गळलें तर तेंच पाणी पुन्हां हातीं येतें. न गळलें तर तेंच माशांचें घर होतें. पेटीखालची फळी सपाट आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. फळी वांकडी असली कीं एका कोपऱ्यावर भार पडतो व दुरुस्त केलेला सांधा पुन्हां उकलतो. भरपाईस जें थोडें पाणी लागेल तें टँकरचें असल्यास उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवून मग घालावें, म्हणजे बहुतेक क्लोरीन उडून जातो. तळाचें गढूळ पाणी निघेल तें परसांतील झाडांस द्यावें. झाडांस तें खतच आहे.

हिशेब केला तर या साऱ्या दुरुस्तीस ताजें पाणी दोन चार तांब्यांहून अधिक लागत नाहीं. लागतात ते श्रम, आणि आठ दिवसांचा धीर. जीव वांचवावा तर शेजाऱ्याचें पाणी जातें, आणि पाणी वांचवावें तर जीव जातो, असा जो पेंच प्रथम वाटला, तो पुष्कळ अंशीं आपल्या आळसानें घातलेला होता.

तिसऱ्याचा सल्ला राहिला: विहिरींत किंवा नदींत सोडून द्या. यांत मनुष्यास आपण मोकळे झालों असें वाटतें. परंतु ओझें स्वतःच्या दारांतून उचलून दुसऱ्याच्या दारीं टाकलेलें असतें. बाजारांतले बहुतेक रंगीत मासे परदेशांतील आहेत. सोनमासा मूळचा चीनचा, गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा. त्याच खंडांतला एक खरबरीत पाठीचा मासा, पेटींतलें शेवाळ खातो म्हणून लोक घेतात. तो मोठा झाला कीं पेटींत मावत नाहीं, आणि असे सोडलेले मासे आज भारतांतील अनेक नद्या-तलावांत पसरले आहेत. ते कोळ्यांचीं जाळीं फाडतात व देशी माशांच्या वाट्याचें अन्न खातात. हिवताप विभागाचे लोक डासांच्या अळ्या खाण्यासाठीं गप्पी सोडतात हें खरें. परंतु तें काम त्यांच्या विचारानें चालतें, आपली अडचण टाळण्यासाठीं नव्हे. ज्याला खरोखर सांभाळणें अशक्य झालें त्यानें पाणी असलेल्या गांवच्या एखाद्या पाळणाऱ्यास मासे विचारून द्यावे. विचारून देणें आणि टाकून देणें यांत अंतर आहे.

इतकें करूनहि पाणी अगदींच संपलें, लेंकराच्या ओठांस लावण्यापुरतेंच उरलें, तर काय? तेव्हां पहिला नियम चालेल, आणि घरधन्यानें खेद मानावा, पण संशय धरूं नये. परंतु ती वेळ आली आहे असें म्हणण्यापूर्वीं आपण सांधा तपासला होता कीं नाहीं, झांकण ठेवलें होतें कीं नाहीं, आपल्या स्नानांतला तांब्या दिला होता कीं नाहीं, हें त्यानें मनास विचारावें. आणि जो दुष्काळी गांवांत राहतो त्यानें मुलास पुढच्या बाजारीं नव्या माशांची पिशवी घेऊन देण्यापूर्वीं मार्च, एप्रिल व मे या तीन महिन्यांचें पाणी आधीं मोजावें. जीव घेण्याच्या आधींचा तो एक विचार पुढच्या सर्व दुरुस्त्यांपेक्षां स्वस्त आहे.

शेवटीं एक विनंति. ज्यांच्या घरीं मासे नाहींत त्यांनीं हा हिशेब आपला नव्हे असें समजूं नये. दर सेकंदास एक थेंब, दिवसास सव्वाचार लिटर, हें गणित गांवच्या नळाच्या झिजलेल्या तोटीसहि लागू आहे. आणि पुष्कळ ठिकाणीं तर तोटीच नसते. ती कोणाची, हें ठरेपर्यंत पाणी गटारांत जातें व चार घरांपलीकडे एखादी बाई रिकामी घागर घेऊन उभी असते. शाळेच्या शिक्षकांनीं व आमच्या उपदेशक बंधूंनीं या आठवड्यांत आपल्या वस्तींतील नळ एकदां पाहून यावे, थेंब मोजावे, आणि तोटी बसविण्याचें काम दुसऱ्यावर न टाकतां स्वतः करावें. त्यास खर्च थोडा येतो, आणि तें एका सकाळचें काम आहे.